पाण्यात बंद, घरी चालू: वेसाव्यातल्या एका मशीनच्या नोंदी

होडी काकाची, मशीन काकाचं, कटकट माझ्याकडे. वीस फुटी फायबरची होडी, मागे लावलेलं आठ हॉर्सपॉवरचं जपानी आउटबोर्ड: टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोरी ओढून चालू करायचं, सीडीआय इग्निशन (ठिणगी पाडायचं काम एका इलेक्ट्रॉनिक डब्याकडे). वय साधारण सोळा-सतरा वर्षं, काकाने दुसऱ्या हाताचं घेतलेलं. मी लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे. कंट्रोलर पॅनल आणि मोटर कळते, बोटीच्या मशीनला याआधी प्लग बदलण्यापलीकडे हात लावला नव्हता. माझे दोन महिने आणि काकाचे पैसे गेले, म्हणून या नोंदी जशा वहीत होत्या तशाच इथे उतरवतोय. जिथे मूर्खपणा केला तिथे तोही लिहिलाय.

२४ मे, रविवार

सकाळी वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) धक्क्यावरून निघालो. मशीन दुसऱ्या दोरीत चालू, मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी व्यवस्थित, आवाज गोल. मढची बाजू मागे टाकून थोडं बाहेर आलो आणि बावीस-तेवीस मिनिटांनी मशीन बंद. खोकली नाही, आचके दिले नाहीत. कोणी बटण दाबावं तशी थांबली.

काका पेट्रोलला तेल म्हणतो. म्हणाला, "तेल येत नाय." टाकीच्या पाइपावरचा रबरी फुगा दाबला तर दगडासारखा घट्ट, म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत आलेलं होतं. तरी काका फुगा दाबत राहिला आणि मी दोरी ओढत राहिलो. तीस-पस्तीस वेळा ओढली, खांदा गेला. मग नांगर टाकून भाकरी खाल्ली. पाऊण तासाने पहिल्याच दोरीत चालू. काकाने माझ्याकडे बघितलं, "बघ, फुगा दाबल्यावं आलं." आठ मिनिटांनी पुन्हा बंद.

परतीचा रस्ता वल्ह्यावर. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस होते म्हणून निभावलं. उधाणाची ओहोटी असती तर खाडीच्या तोंडाशी ते वल्हं दात कोरायच्या कामाचं नव्हतं.

आजची चूक: प्लग पाना घरी. मशीन मेलेली असताना प्लगला करंट येतोय की नाही, हे बघायची एकमेव वेळ तीच होती आणि ती मी भाकरी खाण्यात घालवली.

२५ ते ३० मे

सगळा आठवडा कार्ब्युरेटरवर गेला. ज्याला विचारावं तो पेट्रोल सांगतो. त्यात चूक काही नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि पाणी तळाला बसतं, हे खरंच आहे. म्हणून टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल भरलं, लिटरला वीस मिलि टू-टी ऑइल. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. पहिल्यांदा थोडा कचरा निघाला, दुसऱ्यांदा काही नाही, तिसऱ्यांदा गॅस्केट फाटलं. गॅस्केटचा सेट ३५० रुपये.

नवे प्लगही घातले, दोन बी७एचएस-१०, ३२० रुपये. शेवटचा दहा म्हणजे गॅप एक मिलिमीटर. फीलर गेजने तपासला तर एकाचा ०.८ निघाला, वाकवून बरोबर केला. जुने प्लग चांगले तपकिरी होते, बदलायची गरज नव्हती. पण प्लग बदलला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

रोज संध्याकाळी घरी पाण्याने भरलेल्या पिंपात पाच-दहा मिनिटं चालवून बघायचो. रोज मस्त चालायची.

३१ मे, रविवार

उद्यापासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. म्हणजे पाण्यावर तपासायची आजची शेवटची संधी. पौर्णिमेचं उधाण, म्हणून काकाने अट घातली की धक्का दिसेल इतक्याच अंतरात राहायचं. मढच्या फेरीबोटीला आडवं न जाता खाडीतच चकरा मारल्या.

यावेळी स्पार्क टेस्टर नेला होता. प्लग आणि त्याची टोपी यांच्यामध्ये लावायचा, छोटी काच असते, ठिणगी पडली की आत चमकतं. १८० रुपये. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून बघण्यापेक्षा हे बरं, कारण होडीत पेट्रोलची वाफ असते आणि उघडी ठिणगी नको.

चोवीस मिनिटांनी बंद. दोरी ओढली, टेस्टर काळा. दुसऱ्या सिलिंडरला लावला, तोही काळा.

निदान पेट्रोलवाल्यांचं तोंड तरी बंद झालं. आणि दोन्ही सिलिंडर एकाच क्षणी मेले, म्हणजे दोघांत जे सामायिक आहे तिथेच बिघाड. या मशीनमध्ये इग्निशन कॉइल एकच आहे, तिला दोन शेपट्या, दोन्ही प्लगला एकदम ठिणगी. तिच्यामागे सीडीआय डबा. त्याला वीज देणारी चार्ज कॉइल आणि वेळ सांगणारी पल्सर कॉइल, दोन्ही फ्लायव्हीलखाली, म्हणजे मशीनच्या वरच्या जड फिरत्या चाकाखाली. आणि किल स्विच. तो दाबला की चार्ज कॉइलची वीज जमिनीला जाते आणि मशीन थांबते. या पाचांपैकी एक चोर.

किल स्विच तपासायला सर्वांत सोपा. त्याची वायर सीडीआयकडून सुटी करायची. ठिणगी परत आली तर स्विच खराब. पण ती वायर डब्यामागे, स्क्रू गंजलेला, होडी हलतेय. सुटी करायला वीस मिनिटं लागली. मग दोरी ओढली: टेस्टरमध्ये लख्ख निळं! मशीन पहिल्या फटक्यात चालू, आणि धक्क्याला लागेपर्यंत बंद पडली नाही.

मी काकाला म्हणालो, "सापडला चोर." घरी येऊन वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: किल स्विच. खाली दोन रेघा मारल्या.

(वायर सुटी असताना मशीन बटणाने थांबत नाही. थांबवायला चोक पूर्ण ओढला. आणि हातात अडकवायची लाल दोरीही निकामी होते, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर होडी तशीच पुढे जाणार. तपासण्यापुरतं ठीक. "चालतंय ना, राहू दे तसंच" असं करून मासेमारीला कोणी जाऊ नका.)

७ जून

मशीन उतरवून गल्लीत लाकडी घोडीवर बांधली. किल स्विच उघडला. आत पांढरं-हिरवं मीठ, स्प्रिंग गंजून पिठासारखी. नवा स्विच ६५० रुपये. बसवला. मी खूश, काका खूश.

रात्री वही वाचताना ३१ तारखेच्या वेळा नजरेला पडल्या. बंद पडल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत वीस मिनिटं. त्यानंतर धक्क्याला लागेपर्यंत अकरा मिनिटं. चोवीसाव्या मिनिटाला बंद पडणारी मशीन अकरा मिनिटं चालली, यात सिद्ध काय झालं? काहीच नाही. वायर सोडवायला लागलेल्या वीस मिनिटांत आत जे काही तापलं होतं ते निवलं, एवढंच. २४ तारखेला भाकरीने मशीन चालू झाली होती, ३१ ला वायरीने.

गरम झाल्यावर येणाऱ्या बिघाडात हा सगळ्यात मोठा चकवा आहे. बंद पडल्यावर तुम्ही काहीही करा, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात मशीन निवते, चालू होते, आणि श्रेय तुम्ही शेवटी ज्याला हात लावला त्याला मिळतं. म्हणून घड्याळ लावून लिहा. माझ्याकडे वेळा लिहिलेल्या नसत्या तर ऑगस्टमध्ये पुन्हा वल्हं मारत आलो असतो.

स्विच खराब होता हे मात्र खरं.

१३ जून

महागडी चूक. ओळखीतल्या एका दुकानदाराने फोनवर लक्षणं ऐकली आणि म्हणाला, गरम झाल्यावर जातंय म्हणजे शंभर टक्के सीडीआय. गरम झाल्यावर सीडीआय जातो हेही खोटं नाही, त्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं. मापायला सोपा नाही, म्हणून लोक बदलूनच बघतात. मीही बदलला. ४,५०० रुपये. इलेक्ट्रिकल माल परत नाही, हे बिलावर छापलेलं असतं. मी ते बिल घरी आल्यावर वाचलं.

पिंपात चालवली, मस्त चालली. जुन्या सीडीआयवरही पिंपात मस्तच चालत होती, हे काकाने आठवण करून दिलं.

२१ जून

पाऊस धो धो. ठरवलं, आता बिघाड घरीच आणायचा. तो समोर आल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

दोनशे लिटरचं निळं पिंप, वरून कापलेलं. न्यूट्रलमध्ये सव्वा तास चालवली. बंद पडेना. पिंपातलं पाणी कोमट झालं, दोनदा बदललं. धुरामुळे शेजारच्या मावशीने खिडकी आपटली. सव्वा तासाने मीच चोक ओढून थांबवली.

समुद्रात चोवीस मिनिटांत मरते, पिंपात सव्वा तास जगते. फरक काय? लोड नाही, हे दिसतंच आहे. पण पिंपात गिअर टाकला की पाणी गल्लीत, मशीन घोडीसकट उड्या मारते, ते जमणारं नव्हतं.

२८ जून

फरक सापडला आणि तो लोड नव्हता. पिंपात चालवताना मी वरचं हूड काढून ठेवत होतो, तपासायला सोपं जावं म्हणून. समुद्रात हूड लावलेलं असतं. उघड्या मशीनचं फ्लायव्हील पंख्यासारखं गार वारा मारतं, वर पावसाळी हवा. तापणार काय?

हूड लावलं, हवा आत जायच्या भोकांवर गोणपाट घातलं, आरपीएम थोडे वाढवले. आणि यावेळी आधीच तयारी: चार्ज कॉइलच्या वायरीचं जोड सहज सुटेल असं करून ठेवलं, मीटरच्या क्लिपा हातात, मोबाइलवर स्टॉपवॉच.

३७ मिनिटं. बंद! बिघाड झाल्याचा इतका आनंद मला लिफ्टच्या कामात कधी झाला नव्हता. हूड उचललं, जोड सोडला, क्लिपा लावल्या. चाळीस सेकंदांत मीटर वाचत होतो.

सकाळी थंड असताना चार्ज कॉइल: २८१ ओहम. आता: ओएल. म्हणजे तार आतून तुटलेली, रस्ताच नाही.

मीटर लावूनच बसलो. साडेसहा मिनिटांनी आकडा थरथरत आला: ३१६. मग हळूहळू उतरत २८५. पल्सर कॉइल गरम असतानाही शाबूत होती.

काकाला बोलावून दाखवलं. तो मीटरकडे बघून म्हणाला, "मंग त्या साडेचार हजाराच्या डब्याचं काय?"

५ जुलै

कॉइल फ्लायव्हीलखाली. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं. मधला नट सुटला, पण फ्लायव्हील हलेना.

पहिला प्रयत्न तीन पायांच्या गिअर पुलरने, मित्राच्या गॅरेजमधून आणलेला. त्याचे पाय फ्लायव्हीलच्या कडेला अडकतात. दोन वेळा सटकला, तिसऱ्या वेळी कडेचा इवलासा टवका उडाला. थांबलो. फ्लायव्हीलला आतून चुंबक चिकटवलेले असतात. कडा ओढून ते वाकलं किंवा चुंबक सुटला तर नवीन मशीनच बघावी लागली असती.

फ्लायव्हीलवरच पुलरसाठी आट्यांची तीन भोकं दिलेली असतात. अंधेरीच्या एका लेथवाल्याकडून दहा मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचं तीन भोकांचं पुलर करून घेतलं, मध्ये जाड बोल्ट. बोल्टांसकट ४६० रुपये, दीड तास रांगेत. क्रँकच्या आट्या चेपू नयेत म्हणून मधला नट पूर्ण काढायचा नाही, टोकाशी सपाट येईल इतका वर ठेवायचा. मधला बोल्ट करकचून आवळला, मग त्याच्या डोक्यावर हातोडीचा एकच नेमका ठोका. टण्ण! फ्लायव्हील उडी मारून मोकळं.

फ्लायव्हील क्रँकवर नेमक्या जागी बसवणारी अर्ध्या चंद्रासारखी चावी दिसेना. गल्लीतलं गटार चाचपलं, टॉर्च लावून पिंपाखाली बघितलं, पाऊण तास. ती फ्लायव्हीलच्या आत चुंबकाला चिकटून बसली होती. बसवताना हे लक्षात ठेवा: आधी फ्लायव्हील उलटं करून आत बोट फिरवा. वॉशर, स्क्रू, काहीही आत चिकटलेलं असू शकतं आणि फिरवल्यावर ते कॉइल खरवडून काढेल.

१२ जुलै

खात्री करायची होती. सीडीआयवर साडेचार हजार घालवल्यावर मी स्वतःवरही विश्वास ठेवत नव्हतो. काढलेली चार्ज कॉइल टेबलावर, क्लिपा लावलेल्या, बायकोचा हेअर ड्रायर. तापमान मोजायला कोविडच्या वेळची कपाळाला लावायची बंदूक. ती ४२ च्या वर गेली की नुसतं "हाय" दाखवते. अर्धा तास बटणं दाबल्यावर पृष्ठभाग मोजायचा मोड सापडला.

३१ डिग्रीला २८१ ओहम. ५० ला ३०१. ७० ला ३२३. इथपर्यंत काही बिघडलेलं नाही. तांब्याचा रोध दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतोच, चाळीस डिग्रीच्या वाढीला पंधरा टक्के वाढला तर ती कॉइल निरोगी. हे माहीत नसेल तर ३२३ बघूनच माणूस "कॉइल गेली" म्हणेल. ७६ डिग्रीला एकदम ओएल. ड्रायर बंद केला. ६८ ला आकडा परत. चार वेळा केलं, चारही वेळा ७४ ते ७७ च्या मध्ये कुठेतरी. आतला सांधा किंवा तार तडकलेली. तापून फुगली की फट पडते, निवली की टेकते.

म्हणजे नुसता थंड ओहम मोजून मी ही कॉइल पास केली असती. मॅन्युअलमधल्या मर्यादेत ती व्यवस्थित बसत होती.

याच दिवशी इग्निशन कॉइल मोजताना धडधडलं. दोन शेपट्यांमध्ये १४ किलो-ओहम, मॅन्युअलच्या कितीतरी वर. मग आठवलं, प्लगच्या टोप्यांमध्येही रेझिस्टर असतो, साधारण पाच किलो-ओहमचा. टोप्या डावीकडे फिरवून काढल्या: ४ किलो-ओहम, बरोबर. नाहीतर तीही विकत घेऊन बसलो असतो.

एक रिवाइंडिंगवाला गाठला. त्याने कॉइल हातात घेतली, नखाने वाजवली आणि परत दिली. आत इपॉक्सी ओतलेलं, फोडल्याशिवाय वेढे मोजता येत नाहीत आणि फोडल्यावर मोजायला काही उरत नाही. पंखा-मिक्सर असता तर केलं असतं म्हणाला. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

मुंबईत ही कॉइल लगेच मिळेना. केरळात आउटबोर्डचा राबता मोठा, म्हणून कोचीच्या एका सप्लायरला फोटो आणि पार्ट नंबर पाठवला. २,९०० आणि कुरिअर २४०.

१९ जुलै

कॉइल वाटेत. तोवर वायरिंग.

कामावरून मेगर (जास्त व्होल्ट लावून विजेची गळती मोजायचं यंत्र) आणला, ५०० व्होल्टचा. कारण असं: मीटर तपासतो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, इथे चार्ज कॉइल शेकडो व्होल्ट काढते. नऊला गळती दिसत नाही, दोनशेला दिसते. जुना किल स्विच "चालू" स्थितीत मीटरवर जवळजवळ उघडा होता. मेगरवर ०.२ मेगओहम, आणि पाण्याचा हात लावला की काटा शून्याकडे. म्हणजे तोही उद्या-परवा जाणारच होता, नुसता गुन्हेगार नव्हता. नवा स्विच मेगरवर स्वच्छ.

मेगर लावण्याआधी सीडीआय पूर्ण सुटा करून दूर ठेवायचा. पाचशे व्होल्ट त्याच्यात गेले तर त्याचा निकाल लागलाच. लिफ्टच्या कार्डांनी हे मला आधीच शिकवलंय, ती वेगळी वही.

बुलेट जोड सगळे हिरवे. कापले, वायर सोलली, तर आतलं तांबं काळं. दोन इंच मागे गेलो, काळं. चार इंच मागे गेलो, तरी काळं. खारं पाणी वायरीत वातीसारखं वर चढतं. काळ्या तांब्याला शिसं धरत नाही, कितीही फ्लक्स लावा. शेवटी किल स्विचची सगळी वायर फेकली. कल्हई केलेल्या तारांची जहाजाची केबल मुंबईच्या दारूखाना भागात एका भंगारवाल्याकडे मिळाली. स्लीव्ह, ग्रीस, जोड धरून ४८० रुपये. घेताना टोक कापून बघा, आत रुपेरी दिसलं पाहिजे.

अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज खरवडला. पाच मिनिटांचं काम, सगळ्यात आधी करायला हवं होतं.

२५ जुलै

पार्सल आलं. खोका भिजलेला, कॉइल प्लॅस्टिकमध्ये कोरडी. पहिलं काम ड्रायर. ८५ डिग्रीपर्यंत नेली, आकडा गुपचूप चढत गेला, कुठे उडी नाही. मग मेगर. मग चहा.

लॅमिंग्टन रोडवरून ६० रुपयांत एक छोटी सोय केली होती: एक १एन४००७ डायोड, १ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा कपॅसिटर, त्याला आडवा एक मेगओहमचा रेझिस्टर. साधा मीटर या कॉइलच्या झटक्यांचं शिखर दाखवत नाही. हे मध्ये टाकलं की कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो आणि मीटर ते डीसीवर वाचतो. सीडीआय सुटा, प्लग काढलेले, दोरी जोरात ओढायची. जुनी कॉइल परत बसवून थंडपणी मोजली होती तेव्हा १३२ व्होल्ट. नवी १५० च्या आसपास. कपॅसिटरची टोकं बोटांनी धरू नका. मी एकदा धरली, हातातला मीटर गटारापर्यंत गेला.

२६ जुलै

बसवताना मी फ्लायव्हीलच्या आतल्या निमुळत्या भागाला हलकं तेल लावलं, पुढच्या वेळी सहज निघावं म्हणून. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मेकॅनिक मामा राहतात, सहज बघायला आले होते. त्यांनी तेल बघितलं आणि माझ्या हातातला पानाच काढून घेतला. "चावीच्या जोरावं फिरतंय असं वाटतं काय तुला? ती नुसती जागा दाखवते. पकड त्या सुक्या पोटाची हाय." तेल राहिलं तर फ्लायव्हील सरकतं, चावी कापली जाते, टायमिंग जातं. पेट्रोलने पुसून दोन्ही पोटं कोरडी केली, चावी बसवली, नट मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळला.

मामांनी जाता जाता विचारलं, सीडीआय का बदललास. मी काही बोललो नाही.

जुना सीडीआयच परत लावला. निर्दोष असेल तर चालला पाहिजे. हूड लावून, गोणपाट घालून पिंपात एक तास दहा मिनिटं. नवी लाल दोरी ओढली, मशीन थांबली. काकाने ती पुन्हा पुन्हा ओढून बघितली, पोराच्या हातातलं खेळणं असल्यासारखी.

२ ऑगस्ट

यंदा अधिक महिना आल्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टअखेरीस. बंदी उठली तरी नारळ वाहिल्याशिवाय काका बाहेर पडत नाही, आणि समुद्र अजून खवळलेला होताच. म्हणून खाडीतच, भरतीच्या पाण्यात, अर्ध्याच्या वर थ्रॉटल ठेवून चकरा. टेस्टर लावलेला, घड्याळ चालू.

चोवीसाव्या मिनिटाला दोघेही गप्प. तिसाव्या मिनिटाला काकाने तंबाखू मळायला घेतली. एक तास पाच मिनिटांनी मीच परत वळवली, पेट्रोल संपत आलं होतं.

९ ऑगस्ट

आणखी दोन फेऱ्या, एक पन्नास मिनिटांची, एक दीड तासाची. बंद पडली नाही. प्लग काढून बघितले, तपकिरी आणि कोरडे.

हिशेब मांडला, कारण काकाने मागितला. पेट्रोल आणि ऑइल ९०० धरून सगळे मिळून ११,०४०. त्यातले खरोखर कामाला आलेले कॉइल, कुरिअर, स्विच, वायरिंग आणि पुलर धरून ४,७३०. टेस्टर आणि ती साठ रुपयांची सोय वेगळी, ती पुढेही लागेल. सीडीआय डब्यात स्पेअर म्हणून पडलाय. काका तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

आता होडीत प्लग पाना, टेस्टर आणि दोन प्लग एका बरणीत, बरणी बाकाला दोरीने बांधलेली. बारीक आरपीएमवर मशीन अजून थोडी डुलते. तिसऱ्यांदा उघडताना मी कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू हलवलाय आणि किती आट्या होत्या ते लिहून ठेवलं नव्हतं. पुढच्या रविवारी तो. काका म्हणतो, "सांगलं होतं ना, तेलाचंच हाय."